‘सैन्यभरती’, वारी आणि पाच वर्षांची पावलं : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांस,

दिवाळीच्या सुट्टीत लहान मुलांना घेऊन पायी फिरायचं असेल तर आधीचे सहा आठवडे काय करावं, या माझ्या लेखावर आपण वेळात वेळ काढून लिहिलंत. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आपली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देते :

“पाच वर्षांच्या पोराला सहा आठवडे चालण्याचा सराव? सहलीला नेताय की सैन्यभरतीला? आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे, कुणी असली थेरं केली नाहीत. पोर दमलं की उचलून घ्यायचं, विषय संपला. नोकरदार आईबापांना आठवड्यातून तीन-तीन दिवस वेळ कुठून मिळणार? त्यात निम्मा लेख बुटांवर. आणि चार वर्षांच्या मुलाला शेंगदाणे द्यायला सांगताय, घशात अडकले तर? येत्या सुट्टीत सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ, मुलाला बिनसरावाचं नेऊन दाखवतो.”

शेंगदाण्यांचं आपलं बरोबर आहे. चूक ती चूक. अख्खे दाणे, फुटाणे, लिमलेटची गोळी हे प्रकार चार-पाच वर्षांखालच्या मुलाला देऊच नयेत, आणि चालता-पळताना तर मुळीच नाही. माझ्या डोळ्यांसमोर दाण्याच्या कुटाचा गुळातला लाडू होता, लिहिताना नुसतं ‘दाणे-गूळ’ झालं. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ‘थेरं’. मतभेदाचं मला वावडं नाही. पण टोपणनावाच्या आडून कुणाच्या कामाला थेरं म्हणायला फारसं धाडस लागत नाही, आणि त्यासाठी ‘स्पष्टवक्ता’ हे नाव घेणं जरा महागच पडतं. गेली चौदा वर्षं मी दर रविवारी लहान मुलांचे गट घेऊन पुण्यातल्या तळजाई, वेताळ टेकडी, पर्वती या टेकड्या आणि मुलं मोठी झाली की सिंहगड करते आहे. बढाई म्हणून सांगत नाही. उंटावरून शेळ्या हाकत नाहीये, एवढंच.

सैन्यभरती म्हणता, तर सैन्यातला सराव पाय दुखत असतानाही माणसाने थांबू नये म्हणून असतो. मी सांगितलेला सराव पाय दुखण्याआधी कुठे थांबायचं हे आईबापांना कळावं म्हणून आहे. दोन्ही उलट गोष्टी आहेत. लेख नीट वाचला असता तर हे कळलं असतं, पण असो.

थोडं गणित करू. मोठ्या माणसाचं पाऊल साधारण ७० सेंटिमीटरचं. एकशेदहा सेंटिमीटर उंचीच्या पाच वर्षांच्या मुलाचं पंचेचाळीसच्या आसपास. आठ किलोमीटर फिरलात तर तुमची साडेअकरा हजार पावलं होतात आणि त्याची जवळपास अठरा हजार. शिवाय ते सरळ रेषेत चालत नाही. कुत्र्याच्या पिल्लाकडे जातं, कठड्यावर चढतं, मागे पळत येतं. म्हणजे तुम्ही ‘थोडंसंच चाललो’ म्हणता तेव्हा त्याने तुमच्या दीडपट पावलं टाकलेली असतात. लहान मुलाच्या अंगात साठवलेली साखरही कमी असते, त्यामुळे ते हळूहळू दमत जात नाही. आत्ता उड्या मारत असतं आणि पाच मिनिटांत रस्त्यावर बसकण मारतं. याला हट्ट समजून रागावणारे पालक रोज दिसतात. तासाभराने अर्धं केळं, खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू पोटात गेला की तोच ‘हट्टी’ मुलगा पुढे पळतो. किरकिर सुरू झाल्यावर दिलेला खाऊ उशिरा पोचतो. घड्याळ बघून आधीच द्यायचा.

सहा आठवड्यांचा एवढा धसका घेतलात म्हणून त्यात काय आहे ते पुन्हा सांगते. पहिल्या आठवड्यात तीन दिवस वीस-पंचवीस मिनिटं सपाट रस्त्यावर, भाजी आणायला जाताना गाडी न काढता. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते चाळीस मिनिटांवर न्यायचं आणि एकदा पर्वती करायची. पर्वती चढण्यासाठी नाही, उतरण्यासाठी. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचं वजन पेलत असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात ते उतरण्याने. शंभराच्या वर पायऱ्या हात धरून, न पळता उतरवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मूल जिना कसा उतरतं ते बघा. चौथ्या आठवड्यात एक दिवस चार-पाच किलोमीटर, मध्ये दोन मोठ्या विश्रांती. पाचव्यात शनिवार-रविवार लागोपाठ. हा आठवडा सगळ्यांत महत्त्वाचा. सुट्टीत मूल पहिल्या दिवशी कोसळत नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी कोसळतं, आणि बूट कुठे चावतो हेही दुसऱ्याच दिवशी समजतं. सहाव्या आठवड्यात निम्म्यावर यायचं. मध्ये सर्दी-तापाने आठवडा बुडाला तर तो भरून काढायला जायचं नाही, जिथे सोडलं तिथून पुढे.

यात सैन्य कुठे आहे?

आणि वारी. वारीचं नाव घेतलंत म्हणून बरं वाटलं, कारण माझ्या बाजूची त्याहून मोठी साक्ष मला सापडली नसती. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्याला अठरा-वीस दिवस लागतात. का लागतात? कारण पालखी धावत जात नाही. सकाळचा विसावा, दुपारचा विसावा, संध्याकाळचा विसावा, ठरलेला मुक्काम. पुण्यात दोन रात्री, सासवडला दोन रात्री. पुण्याहून सासवडचा टप्पा लांब, त्यात दिवे घाट, म्हणून त्याच्या अलीकडे विश्रांती आणि पलीकडेही विश्रांती. तंबू, भांडी, वळकट्या दिंडीच्या ट्रकमध्ये, खांद्यावर पताका नाहीतर डोक्यावर तुळस. टाळ-मृदंगावर पाऊल पडतं म्हणून कुणी पहिल्या तासात पुढे पळून दमत नाही. विसावा आधी ठरवा, लांब दिवसाच्या दोन्ही बाजूंना हलका दिवस ठेवा, ओझं काढून घ्या, चाल एकसारखी ठेवा. माझ्या लेखात याहून वेगळं एक वाक्य दाखवा.

राहिला प्रश्न तीन पिढ्यांनी सराव न करण्याचा. वारीला जाणारा शेतकरी वर्षभर बांधावरून चालत असतो. त्याचा सराव ज्येष्ठात सुरू होत नाही, तो कधी थांबलेलाच नसतो. तुमचं पाच वर्षांचं मूल सोसायटीच्या लिफ्टमधून शाळेच्या व्हॅनमध्ये आणि व्हॅनमधून लिफ्टमध्ये येत असेल, तर आजोबांचे पाय त्याला वारशाने मिळत नाहीत. हे जरा लागेल असं लिहिलंय, पण सुरुवात आपण केलीत.

कुणी म्हणेल, गणपतीत मुलं पेठांमधून रात्री किती फिरतात. फिरतात, आणि तो सराव चांगलाच आहे. पण तिथे दर शंभर पावलांवर बघायला काहीतरी असतं. मूल दमतं ते पायांनी कमी आणि कंटाळ्याने जास्त. उभं राहण्याने तर चालण्याहून लवकर दमतं. लेण्यांत वाटाड्या पंधरा मिनिटं बोलत असेल तेव्हा मुलाला खाली बसू द्या, ही छोटीशी गोष्ट निम्मा दिवस वाचवते.

‘उचलून घ्यायचं, विषय संपला’ याबद्दल. पाच वर्षांचं मूल सोळा-अठरा किलोचं असतं. ते कडेवर घेऊन अजिंठ्याच्या पायऱ्या उतरताना तुम्हाला तुमचंच पाऊल दिसत नाही. सपाटीवर दहा मिनिटं ठीक, त्यापुढे तुमची कंबर बोलायला लागते. पाठीवर बांधायच्या कॅरियरवरही बहुतेकदा १५ ते २० किलोची मर्यादा लिहिलेली असते, आणि काहींमध्ये खिशातलं सामानही त्यातच धरतात. बाबागाडी लेण्यांच्या पायऱ्यांवर आणि हंपीच्या खडकांवर शोभेची. तेव्हा विषय संपत नाही, तो तुमच्या पाठीवर चढतो.

बुटांवर निम्मा लेख लिहिला, हे खरं आहे, आणि आता अजून लिहिणार आहे. सुट्टीचा विचका करणाऱ्या गोष्टींत बूट पहिला. मुलाचा पाय संध्याकाळी मापायचा, उभं करून, दोन्ही पाय, जो मोठा त्याचं माप. कागदावर टाच भिंतीला टेकवून अंगठ्यापर्यंत रेघ मारा, त्यात एक ते सव्वा सेंटिमीटर मिळवा. दुकानदार बुटाचं टोक दाबून ‘जागा आहे’ म्हणतो त्यावर जाऊ नका, मूल बोटं आखडून घेतं. बुटाच्या आतली सुटी गादी बाहेर काढा आणि तिच्यावर पाय ठेवून बघा. बुटाचा तळ बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडणारा बूट परत करा. ‘पुढच्या वर्षी पण होईल’ म्हणून घेतलेला मोठा बूट टाच वर-खाली घासतो आणि तिथेच फोड येतो. ओलावा, उष्णता आणि घर्षण तिन्ही एकत्र आले की फोड ठरलेला. म्हणून सुती मोजा घाम धरून ठेवतो तो नको, लवकर वाळणाऱ्या मिश्र धाग्याचा घ्या. बोटांवरची शिवण उलट्या बाजूने चाचपून बघा. सोबत दोन जोड, एक जेवणाच्या वेळी बदलायला. नवा बूट निघण्याच्या दोन आठवडे आधी पायात पाहिजे. मूल ‘इथे गरम लागतंय’ म्हणालं की त्याच क्षणी थांबून, पाय पुसून, कागदी चिकटपट्टी लावायची. ‘पुढच्या झाडापर्यंत चल’ म्हणालात की फोड आलाच. आलेला फोड फोडायचा नाही.

आणि बुटाचा बंद चिकटपट्टीचा म्हणजे व्हेल्क्रोचाच हवा. अजिंठ्यात चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात. नाडीचे बूट दिवसात आठ-दहा वेळा सोडा-बांधा केलेत की पाचव्या वेळेला तुम्हीच सैल बांधता, आणि सैल बूट चावतो.

उन्हाबद्दल आपण काही लिहिलं नाहीत, पण बिनसरावाचं नेणार आहात म्हणून सांगते. मुलांना मोठ्यांपेक्षा घाम कमी येतो, वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्र जास्त असतं आणि तापलेल्या दगडाच्या ती जास्त जवळ असतात. दर वीस-पंचवीस मिनिटांनी शंभर-दीडशे मिलिलिटर पाणी, तहान लागायची वाट न बघता. ओआरएसचं लिटरचं पाकीट असेल तर ते अख्खं एक लिटर पाण्यातच कालवायचं. पेल्यात अर्धं पाकीट टाकून देणं घातक आहे. सकाळी साडेदहापर्यंत आणि दुपारी चारनंतर चाला, मधला वेळ सावलीत. मुलाच्या पाठीवर दप्तर द्यायची हौस असेल तर पाण्याची छोटी बाटली आणि टोपी, एवढंच.

रात्री दोन्ही पोटऱ्या दुखतात म्हणून रडलं आणि सकाळी उड्या मारत उठलं तर चोळून द्या, शेक द्या, दुसरा दिवस हलका ठेवा. एकाच पायात दुखत असेल, सूज असेल किंवा सकाळीही लंगडत असेल तर दौरा बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

नोकरदार आईबापांना वेळ नसतो, हा मुद्दा मी ऐकून थकले आहे. व्हॅनला रस्त्याच्या अलीकडच्या कोपऱ्यावर सोडायला सांगा. दूध आणायला घेऊन जा. याहून जास्त यावर लिहायची माझी इच्छा नाही.

तीन दिवस म्हणजे तीन तास नव्हेत, हेही जाता जाता.

बाकी आपलं नियोजन वाचलं. सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. दिवस उलटे करून घ्या. आणि अजिंठ्याला स्वतःची गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जायचं असतं, तेव्हा बाबागाडी गाडीतच राहू द्या.