प्रत्येक खळगीवाला फोड मोलस्कम नसतो

एका लेखात एचआयव्ही रुग्णाच्या चेहऱ्यावरच्या, मध्ये खळगी असलेल्या फोडांना सरसकट मोलस्कम, म्हणजे विषाणूमुळे येणारे त्वचेवरचे फोड, म्हटलंय. सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) १००च्या खाली असेल तर हे गृहीत धरणं जिवावर बेतू शकतं. क्रिप्टोकॉकस किंवा हिस्टोप्लाझ्मा या बुरशींचे फोड अगदी तसेच दिसतात, आणि एकाच गालावर मोलस्कमच्या शेजारी असू शकतात. मोलस्कम मोत्यासारखा चकचकीत. दाबला की पांढरा, दह्यासारखा गर निघतो. क्रिप्टोकॉकसच्या फोडावर मधोमध बऱ्याचदा काळपट खपली असते, फोड झपाट्याने वाढतात, सोबत ताप, डोकेदुखी.

म्हणून वेगळ्या दिसणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या फोडाची बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, हवी. एक तुकडा फॉर्मलिनमध्ये, दुसरा कल्चरसाठी (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघण्यासाठी) निर्जंतुक सलाइनमध्ये. दोन्ही फॉर्मलिनमध्ये गेले की बुरशी मरते आणि कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. रक्तातली क्रिप्टोकॉकल अँटिजेन चाचणी (क्रिप्टोकॉकसचा अंश शोधणारी) पॉझिटिव्ह आली, तर डोकं दुखत नसलं तरी पाठीतलं पाणी तपासायलाच हवं. मेंदूज्वर निघाला तर आधी बुरशीवरचे उपचार, एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) ४ ते ६ आठवड्यांनी.

आणि पेठ-सुरगाण्याहून नाशिकला सिव्हिलमध्ये दाखवायला येईपर्यंत मेडिकलमधलं स्टिरॉइडचं मलम चोळू नका, कृपा करून! त्याने लाली दबते, बुरशी मात्र पसरत राहते.