नवीन प्रजातींच्या बातम्या ‘बोगस’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस आमच्या गावच्या ग्रुपवर, मग बागायतदारांच्या ग्रुपवर, मग शाळेतल्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तोच एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: कोकणात नि सह्याद्रीत सारखे नवीन कोळी, नवीन चतुर, नवीन खेकडे सापडल्याच्या बातम्या येतात त्या सगळ्या बोगस आहेत, हे जीव आपल्या वाडवडलांना माहीतच होते, आता कोणीही उठतो, फोटो काढतो, स्वतःचं नाहीतर कुणा पुढाऱ्याचं नाव ठोकतो नि पेपरात झळकतो, त्यासाठी मुक्या जिवांना मारतात, नमुने परदेशात पाठवतात, शेतकऱ्याला याचा काडीचा उपयोग नाही, उलट प्रजाती सापडली की मागोमाग सरकार येतं आणि तुमचा सडा (गावावरचं जांभ्या दगडाचं माळरान) जातो. खाली ‘जागे व्हा, शेअर करा’.

पाठवणारे सगळे आपलेच लोक आहेत. त्यातल्या एकदोन वाक्यांमागची काळजीही खरी आहे, म्हणून नुसतं ‘फेक आहे’ लिहून गप्प बसणं मला पटत नाही. एकेक मुद्दा घेते.

पहिलं, वाडवडलांना माहीत होतं. जिथे गरज होती तिथे त्यांना खरंच खूप बारीक माहीत होतं. व्हाळात (ओढ्यात) मुठे, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे, धरायला जाणाऱ्या बायकांना कुठल्या दगडाखाली काय मिळेल हे अचूक कळतं, आणि चांगले अभ्यासक गावात आले की आधी अशाच लोकांना विचारतात. लाल विंचू वेगळा नि काळी इंगळी वेगळी, फुरसं वेगळं नि धामण वेगळी, हे कोकणातल्या पोराला शाळेत शिकवावं लागत नाही. पण टाचण्या घ्या, चतुराच्या गोतातल्या. पावसाळ्यात पाणथळ जागी, शेताच्या बांधावर ज्या बारीक काडीसारख्या उडतात त्या सगळ्या आपल्यासाठी टाचण्याच, पिवळी काय नि निळी काय. त्यातलीच एक पिवळी सिंधुदुर्गातून २०१९ साली नवीन प्रजाती म्हणून नोंदली गेली, सेरिअॅग्रिऑन क्रोमोथोरॅक्स, इंग्रजी नावातच सिंधुदुर्ग आहे. मग २०२२ मध्ये आंबोलीजवळच्या चौकुळवरून नाव दिलेला एक चतुर आला, बर्मागोम्फस चौकुळेन्सिस. हे जीव तिथे आधीपासून होतेच, ते काल जन्माला आले असं कुठलाही अभ्यासक म्हणत नाही. तो म्हणतो की हा शेजारच्या त्या दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे, कशात वेगळा आहे ते हे बघा, आणि आजपर्यंत हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. कीटकांच्या जगभरात जेमतेम दहा लाख प्रजाती लिहून झाल्यात, आणि एकूण असतील त्याचा एक नेहमी दिला जाणारा अंदाज ५५ लाखांच्या आसपास आहे. कोळ्यांची जागतिक यादी २०२२ साली ५०,००० वर पोचली आणि अजून वाढतेय. तेव्हा नवीन सापडण्याच्या बातम्या सारख्या येतात यात संशय घेण्यासारखं काही नाही, काम मुळात इतकं बाकी आहे.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, फोटो काढला की झाली नवीन प्रजाती. अहो, उड्या मारणारा एक कोळी घ्या, भिंतीवर माश्या धरतो तो, पाच-सहा मिलिमीटरचा. रंगावरून तो कुठला हे बहुतेक वेळा ठरतच नाही, कारण नर-मादी वेगळे दिसतात, पिल्लं तिसरीच दिसतात, आणि अल्कोहोलमध्ये ठेवल्यावर अंगावरचा रंग नि लव उतरते ती गोष्ट वेगळीच. ठरतं ते जननेंद्रियांवरून. नराच्या तोंडाजवळ दोन आखूड पायांसारखे अवयव असतात, पेडिपाल्प म्हणतात, त्याच्या टोकाच्या गोळ्यातून एक बारीक काटा निघतो, तो कुठून निघतो, कुठे वळतो, टोक कसं संपतं हे मायक्रोस्कोपखाली बघून हाताने चित्र काढतात. मादीच्या पोटाखाली एक कडक पट्टी असते, ती कापून, आतल्या नळ्या दिसाव्यात म्हणून मऊ भाग विरघळवून, पुन्हा चित्र. आणि हे अवयव शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण होतात, म्हणजे पिल्लू हाती लागलं तर बहुतेक वेळा काहीच सांगता येत नाही, पुन्हा हंगामाची वाट बघा. एवढं झाल्यावर त्या वंशातल्या (जवळच्या प्रजातींच्या गटातल्या) लिहून ठेवलेल्या सगळ्या प्रजातींशी ताडून बघायचं, आणि जुन्यात जुनं वैध नाव आधी हा नियम असल्यामुळे शास्त्रीय नावांची आजची पद्धत घालून देणाऱ्या लिनिअसच्या ग्रंथाच्या थेट १७५८ सालच्या आवृत्तीपर्यंत मागे जावं लागतं, कोळ्यांच्या बाबतीत तर त्याच्याही आधी १७५७ साली छापलेलं एक पुस्तक धरतात. मग लेख, मग त्याच विषयातल्या दुसऱ्या माणसांकडून तपासणी, आणि ज्या एका नमुन्यावर नाव टांगलंय तो नमुना कुठल्या संग्रहात ठेवलाय त्याचा पत्ता. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की नमुना गोळा केल्यापासून त्याचं वर्णन छापून यायला सरासरी २१ वर्षं लागतात. एकवीस! पेपरात झळकण्यासाठी एवढी वाट कोण बघेल?

फोटोचा उपयोग होतो, नाही कशाला म्हणू, कितीतरी शोध हौशी लोकांच्या फोटोवरून सुरू झालेत. पण २०१५ मध्ये आफ्रिकेतल्या एका माशीला नमुना न ठेवता फक्त फोटोंवरून नाव दिलं गेलं तर जगभरच्या कीटकतज्ज्ञांत केवढा वाद पेटला. डीएनएचंही तसंच, साधारण ६५० अक्षरांचा एक तुकडा वाचतात नि ताडतात, पण ज्याच्याशी ताडायचं त्या नमुन्याला आधी कुणीतरी बरोबर ओळखलेलं असावं लागतं ना.

आणि आकडा फुगवतात म्हणताय तर आपल्या हापूसच्या फळमाशीचंच उदाहरण घ्या. आफ्रिकेत पसरलेल्या फळमाशीला २००५ साली बॅक्ट्रोसेरा इन्वाडेन्स असं नवीन नाव दिलं होतं, आग्नेय आशियात तशाच आणखी दोन वेगळ्या धरल्या होत्या. मग बऱ्याच देशांच्या लोकांनी मिळून शरीररचना, डीएनए, एकमेकींत होणारी पैदास सगळं तपासलं आणि २०१५ च्या सुमारास ही तिन्ही नावं रद्द करून सगळ्या आपल्या ओळखीच्या बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिसमध्येच घातल्या. तीन प्रजाती कमी झाल्या एका फटक्यात, पण त्याचा कुठे फॉरवर्ड फिरला नाही.

नावांचं पटकन सांगते. स्वतःचं नाव स्वतःच्या प्रजातीला द्यायची रीतच नाही या क्षेत्रात. लोकांचा घोळ होतो तो यामुळे की शास्त्रीय नावापुढे वर्णन करणाऱ्याचं नाव नि साल लिहितात, लाल विंचवापुढे कंसात ‘फॅब्रिशियस, १७९८’ असतं तसं. कुठला जुना लेख उघडून बघायचा याचा तो पत्ता आहे, आणि कंस याच्यासाठी की पहिल्यांदा ज्या वंशात ठेवला होता तिथून नंतर हलवलाय. माणसांची नावं देतात, हो, काही लिलावात विकलीही गेलीत बाहेर, ते मलाही आवडत नाही. पण ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ साली इसियस तुकारामी हे नाव दिलं ते २६/११ ला कसाबला धरून ठेवताना गोळ्या अंगावर घेतलेल्या तुकाराम ओंबळ्यांचं. मेसेजमधल्या ‘पुढाऱ्यांच्या’ यादीत ते नाव कुणी घालेल का?

जीव मारतात हे खरं आहे. मलाही ते बघवत नाही पहिल्यांदा बघताना. पण एका प्रजातीसाठी सहसा मोजकेच नमुने घेतात, आणि मोहोराच्या वेळी आपण एका कलमावर जी एक फवारणी करतो त्यात जे मरतं त्याच्यापुढे हा आकडा कुठेच लागत नाही. परदेशात पाठवतात हा आरोप इंग्रजांच्या काळाला लावला तर बरोबर आहे, आपल्याकडचे कितीतरी मूळ नमुने अजून लंडनला पडून आहेत आणि इथल्या पोरांना त्यांचे फोटो मागवत बसावं लागतं. आज मात्र जैवविविधता कायदा, २००२ चं कलम ३९ सांगतं की नवीन प्रजाती सापडली की ठरवून दिलेल्या भारतातल्या संग्रहाला कळवायचं आणि नमुना तिथे जमा करायचा. १९१६ साली सुरू झालेला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभाग त्यातला मुख्य, त्याचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्याला आहे.

आता शेतकऱ्याला काडीचा उपयोग नाही हे. माझे माड आहेत म्हणून मी माडापासून सुरू करते. गेल्या काही वर्षांत झावळ्यांच्या खालच्या बाजूला पांढऱ्या मेणाची गोल गोल नक्षी आणि त्याच्याखालच्या केळीच्या, पोफळीच्या पानांवर काजळी आलेली तुम्ही सगळ्यांनी बघितलीय. ती चक्राकार पांढरी माशी, अॅल्युरोडिकस रुजिओपर्क्युलॅटस. तिचा चिकट स्राव खाली गळतो नि त्याच्यावर काळी बुरशी वाढते. ही माशी आपल्याकडे २०१६ मध्ये पहिल्यांदा तामिळनाडूत पोल्लाचीकडे दिसली, पण तिला ओळखायला वर्षं लागली नाहीत, कारण मध्य अमेरिकेतल्या बेलीझमध्ये माडावरच्या नमुन्यांवरून २००४ साली एका माणसाने बसून तिचं वर्णन लिहून ठेवलं होतं. त्या वेळी त्यालाही कुणीतरी विचारलं असेल, याचा काय उपयोग म्हणून. नाव कळलं म्हणून तिचा शत्रू कळला, एन्कार्सिया ग्वाडेलूपी, मिलिमीटरभरही नसलेली गांधीलमाशीच्या गोतातली एक माशी. ती या पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडं घालते. भिंग घेऊन झावळीची पाती उलटी करून बघा, काही पिल्लं काळी पडलेली दिसतील आणि काहींच्या पाठीला नीट गोल भोक असेल, आतली बाहेर पडून गेली त्याचं. म्हणूनच कासरगोडच्या संशोधन संस्थेचे लोक सांगतात की याच्यावर कीटकनाशक मारत सुटू नका, आधी ही शत्रूमाशीच मरेल.

फळमाशीचं तर पैशातच मोजा. २०१४ च्या मे महिन्यात युरोपियन युनियनने आपल्या आंब्यावर बंदी घातली ती मालात फळमाशी सापडली म्हणून, आणि ती उठेपर्यंत पुढचं साल उजाडलं. आपण झाडाला टांगतो त्या रक्षक सापळ्यात मिथिल युजेनॉल असतं, त्याला आंब्यावरच्या फळमाश्यांचे नर येतात, काकडी-कारल्यावरची फळमाशी त्याला येत नाही, तिला वेगळा ल्युअर, म्हणजे वासाचं आमिष, लागतो. दिसायला दोन्ही माश्याच. कुठली माशी कुठल्या वासाला येते हे कळायला आधी दोघींना वेगळं काढणारं कुणीतरी लागलं.

आणि विंचू. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातली किती माणसं वाचवली हे आपल्याला नव्याने सांगायला नको, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं, फुप्फुसात पाणी भरतं, मोठ्या काळ्या इंगळीचं दुखतं भयंकर पण जीव सहसा जात नाही. पेशंटला कुठला चावला त्यावर सगळं अवलंबून. दोडामार्ग, बांद्याकडच्या लोकांनी २०१६ पासून माकडतापाचं काय भोगलंय ते त्यांना विचारा, तो पसरवणारी मुख्य गोचीड एकच आहे, हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा, आणि जंगलात गोचिड्या कितीतरी जातींच्या. मलेरियाच्या डासांत तर एका नावाखाली पाच जाती निघाल्या, अॅनोफिलीस क्युलिसिफॅसिस, पाचही हुबेहूब सारख्या, आणि त्यातली ‘बी’ मलेरिया जवळपास पसरवतच नाही. फवारणी कुठे करायची हे ठरवताना हा फरक केवढा मोठा!

राहिला सडा. ही भीती मला समजते, आपल्याकडे जमिनीच्या बाबतीत लोकांना न विचारता बरंच काही झालंय. पण प्रजातीची नोंद झाली म्हणून जमीन आपोआप राखीव होत नाही, असा कायदाच नाही. वन्यजीव कायदा, १९७२ च्या परिशिष्टात नाव असेल तर त्या जिवाला संरक्षण, आणि नवीन प्रजातीचं नाव तिथे सहसा नसतं, ते घालायला वेगळी दुरुस्ती लागते. आंबोलीचं उदाहरण देतात म्हणून सांगते, हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यात एक छोटा मासा सापडला, २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी म्हणून नोंदला गेला आणि २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ झाली. जागा किती, तर साधारण दोन हेक्टर. तेही जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली, त्यात स्थानिक संस्थांशी बोलूनच जाहीर करायचं असं लिहिलंय, आणि कुणाचं आर्थिक नुकसान झालं तर भरपाईची योजना राज्य सरकारने करायची हेही त्याच कलमात आहे.

याच कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती नि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी, ती गावानेच भरायची असते. आमच्या गावची वही मी मागून बघितली, किड्यांच्या पानावर फुलपाखरं, मुंग्या आणि मधमाश्या एवढंच लिहिलंय. या पावसात आम्ही काहीजण सड्यावर आणि व्हाळाला फिरून ते पान भरणार आहोत, जुन्या लोकांकडून गावठी नावं पण लिहून घेणार आहोत. ज्यांनी हा मेसेज ग्रुपवर टाकला त्या काकांना मी बोलावलंय, त्यांना सड्यावरची प्रत्येक कोंड माहीत आहे.