गोळी रंगाने नव्हे, नावाने ओळखावी

घरातल्या ज्येष्ठांच्या रोजच्या गोळ्या वेळेवर कशा होतील, हा विषय निघाला की सारी चर्चा आठवणीभोवती फिरते. मोबाइलचा गजर लावा, सात वारांची डबी आणा, मुलाने कार्यालयातून फोन करावा, असे उपाय सुचवले जातात आणि त्यांत वाईट काही नाही. परंतु आई आणि सासरे अशा दोघांच्या औषधांची व्यवस्था गेली काही वर्षे पाहत असताना माझे मत असे झाले आहे की, विसरण्यापेक्षा न ओळखण्याची अडचण मोठी आहे. पंचाहत्तरी ओलांडलेली माणसे ‘सकाळची पांढरी’, ‘जेवणानंतरची गुलाबी’, ‘अर्धी करायची ती’ अशा खुणांवर पाच-सहा औषधे चालवतात, आणि जोवर कंपनी तीच, मेडिकल तेच आणि पाकीट तेच, तोवर ते निभावून जाते.

मग कधीतरी मेडिकलमध्ये नेहमीची कंपनी मिळत नाही, दुसरे डॉक्टर त्याच औषधाचा वेगळा ब्रँड लिहून देतात, किंवा खर्च कमी व्हावा म्हणून मुलगी जनऔषधी केंद्रातून गोळ्या आणते. औषध तेच असते, पण गोळीचा रंग, आकार आणि पाकीट बदललेले असते. अशा वेळी ‘ही माझी गोळी नव्हेच’ म्हणून ती बाजूला ठेवली जाते, नाहीतर जुनी संपेपर्यंत जुनी आणि नवी अशा दोन्ही घेतल्या जातात, आणि दुसरा प्रकार अधिक धोक्याचा आहे. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनचेच पाहा. ते एकटे मिळते, रक्तदाबाच्याच अॅम्लोडिपिनबरोबर मिळते आणि हायड्रोक्लोरोथायझाइडबरोबरही मिळते; ब्रँडच्या नावापुढे ‘एएम’ किंवा ‘एच’ अशी एक-दोन अक्षरे काय ती वाढलेली असतात. हृदयाच्या डॉक्टरांनी अशी दोन औषधांची एकत्र गोळी लिहून दिली आणि घरात आधीची एकेरी गोळीही चालूच राहिली, तर एकाच औषधाची दुप्पट मात्रा पोटात जाते. रात्री लघवीला उठताना रक्तदाब उतरून भोवळ येते, आणि त्या वयात पडणे म्हणजे पुष्कळदा खुब्याचे हाड मोडणे असते.

पाकिटावर औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे, असा बदल आपल्याकडच्या औषध नियमांत २०१८ मध्ये झाला (तीन किंवा अधिक घटकांच्या मिश्रणांना आणि जीवनसत्त्वांच्या मिश्रणांना त्यातून सूट आहे). १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोडही सक्तीचा झाला. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत, पण चकचकीत चंदेरी कागदावरची बारीक इंग्रजी अक्षरे मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना वाचता येत नाहीत, आणि दहाच्या पाकिटातल्या चारच गोळ्या कापून आणल्या असतील तर नाव आणि मुदत छापलेला तुकडा दुकानातच राहिलेला असू शकतो. म्हणून शक्यतो अख्खे पाकीट घ्यावे, आणि ज्या टोकाला मुदत छापली आहे त्याच्या उलट टोकाकडून गोळ्या काढाव्यात, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत तारीख दिसत राहते.

नाव आणि कारण माहीत असण्याचा खरा उपयोग वेळेच्या बाबतीत होतो. चिठ्ठीवरच्या १-०-१ या तीन आकड्यांमधून सकाळ, दुपार, रात्र एवढेच कळते. थायरॉईडची थायरॉक्सिन ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर निदान अर्धा तास चहासुद्धा घ्यायचा नसतो. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिचे शोषण अडवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे लागते. मधुमेहाचे मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घेतले तर पोटाला सोसते. लघवी वाढवणारे फ्रुसेमाइड संध्याकाळी उशिरा घेतले तर रात्रीची झोप जाते. या सर्व गोळ्या ‘सकाळच्या’ म्हणून एका मुठीत, चहाच्या घोटाबरोबर घेतल्या जातात, आणि मग थायरॉईडचा रिपोर्ट बिघडला की गोळीची ताकद वाढवली जाते.

उपवासाच्या दिवसांकडे तर कोणी गांभीर्याने पाहतच नाही. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोटात काही नसते, पण सवयीने मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडची गोळी मात्र सकाळी घेतली जाते. हे औषध शरीरातले इन्सुलिन वाढवते. वर जेवण नसेल तर साखर उतरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असा प्रकार होतो, आणि घरच्यांना वाटते की उपवासाचा अशक्तपणा आला असेल. याउलट काही जण उपवास आहे म्हणून सगळ्याच गोळ्या बंद ठेवतात आणि दुपारी भरपूर साबुदाण्याची खिचडी खातात, तेव्हा साखर चढते. उपवास सोडा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ज्यांना श्रावणी सोमवार, एकादशी, चतुर्थी करायच्या आहेत त्यांनी त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती टाळायची किंवा पुढे ढकलायची, हे डॉक्टरांना आधी विचारून लिहून ठेवावे. आपल्या पंचांगातल्या तिथी वर्षभर आधी ठाऊक असतात, तेव्हा हा प्रश्न ऐन वेळचा नाही.

सांधेवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्यामुळे जगभर माणसे दगावली आहेत. इथे वार लिहिलेला हवाच, आणि तोही शब्दांत.

आता डबीविषयी. सात वारांच्या डबीला माझा विरोध नाही, पण तिचा तोटा कोणी सांगत नाही: गोळी पाकिटातून डबीत गेली की तिचे नाव सुटते. रविवारी सून डबी भरते, आठवडाभर सासूबाई कप्पे रिकामे करतात, आणि सून बाहेरगावी असताना दवाखान्यात नेण्याची वेळ आली तर सासूबाईंना आपण काय घेतो हे सांगता येत नाही. शिवाय फिट्ससाठीच्या व्हॅल्प्रोएटसारख्या काही गोळ्या हवेतला ओलावा ओढून घेतात; कोकणातल्या पावसात त्या पाकिटातच असलेल्या बऱ्या.

म्हणून डबीच्या आधी एक कागद हवा. त्यावर औषधाचे मूळ नाव पाकिटावरून जसेच्या तसे उतरवावे. पुढे किती मिलिग्रॅम, कशासाठी, जेवणाआधी की नंतर, कोणत्या डॉक्टरांनी कधी सुरू केले, हे मोठ्या मराठी अक्षरांत लिहावे. खाली ‘बंद केलेली औषधे’ असा वेगळा भाग ठेवावा, कारण रुग्णालयातून घरी आल्यावर गोंधळ होतो तो मुख्यतः कपाटात उरलेल्या जुन्या पाकिटांमुळे. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा आणि त्याचा फोटो घरातल्या सर्वांच्या मोबाइलमध्ये असावा. दातांच्या डॉक्टरांकडे जातानाही तो न्यावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे त्यांना दात काढण्यापूर्वी कळले पाहिजे. एखादी गोळी चुकली तर काय करायचे, हेही त्यावर असावे. थायरॉक्सिनचा एक दिवस चुकला तर लगेच फरक पडत नाही, पण साखरेची राहिलेली गोळी भरून काढण्यासाठी पुढच्या वेळी दोन घेणे घातक ठरू शकते.

हा कागद एकट्याने करायला अवघड वाटला तर मेडिकलमधल्या नोंदणीकृत फार्मासिस्टची मदत मागावी. औषध कसे घ्यावे हे रुग्णाला समजावून सांगणे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीनुसार त्यांच्या कामाचाच भाग आहे, पण आपण काउंटरवर पैसे देऊन पिशवी उचलतो आणि निघतो, त्यामुळे विचारण्याची सवयच उरलेली नाही. संध्याकाळच्या गर्दीत कोणी नीट बोलणार नाही. दुपारी दुकान रिकामे असताना घरातली सगळी पाकिटे, अर्धी कापलेली आणि जुनीसुद्धा, एका पिशवीत घालून न्यावीत आणि ज्यांच्या गोळ्या आहेत त्यांनाही बरोबर न्यावे.