डाव कुणाच्या हातात?

काल अण्णा कट्ट्यावर आला तोच हात नाचवत. "झालं! आता पोषणाच्या कामासाठी लोकांच्या घरी बसून वह्या भरणारे संशोधक हवेत म्हणे. मुलांची वजनं घ्या, कमी भरलं त्याला आहार द्या, आईला समजावा. यात बघत बसण्यासारखं आहे काय?"

"डाव कुणाच्या हातात आहे ते," ताई म्हणाली.

बंड्याला वाटलं पत्त्यांचा विषय निघाला. त्यानं लगेच अण्णानं गुण मांडताना घातलेला जुना घोळ उकरून काढला. दहा मिनिटं त्यातच गेली.

"अरे, वाढायचा डाव!" ताई म्हणाली. "बांगलादेशात १९९५ साली मोठा पोषण प्रकल्प सुरू झाला. उपदेशाचा सगळा भर आयांवर. बाजार करणार नवरा, घरात चालणार सासूचं. आईला पटलं तरी ती करणार काय?"

मला हे आतून पटतं. मी स्वतः प्रश्नावल्या भरल्या आहेत. विचारायचं दारातल्या बाईला, उत्तर यायचं आतून, दुसऱ्याच कुणाचं. मी ते तिच्या नावावर लिहायचो. अजून सलतं.

"अपवाद सांगू नकोस. आकडे बोलतात, आकडे!" अण्णा.

"अपवादच बघायचे असतात. व्हिएतनाममध्ये, थान्ह होआ प्रांतात, १९९०च्या सुमारास जेरी आणि मोनिक स्टर्निन या मदतकार्य करणाऱ्या जोडप्यानं गावातल्याच बायकांना हाताशी धरून शोधलं, की तितक्याच गरीब घरांतली काही मुलं धडधाकट कशी. त्या आया भातखाचरातले बारके झिंगे-खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालत होत्या. बाकीचे म्हणत, हे लहानांना चालत नाही. शिवाय भरवणं दोनदा नाही, थोडं थोडं तीन-चारदा. तराजू मूल हलकं आहे एवढंच सांगतो रे, का ते नाही सांगत."

अण्णा ऐकेना. "सरळ विचारायचं, काल काय दिलं? लिहून घ्यायचं. संपलं."

"बरं, तूच सांग. काल दिवसभरात काय खाल्लंस?"

"दोन वेळचं जेवण. बाकी काही नाही. डॉक्टरांची सक्त बंदी आहे."

"आणि संध्याकाळी माझ्याकडे दोनदा वाढून घेतलंस ते?"

"ते... ते घरचं नाही ना, ते कशाला धरायचं?"

"बघा!" बंड्या उडालाच. "पत्त्यांचे गुण हा अस्साच मांडतो!"

त्यावर सगळे असे खिदळले, की शेवटी अण्णालाही हसू आवरेना.