१९३२ च्या 'द मम्मी'मधलं मढं पाय ओढत चालतच नाही

"१९३२ चा द मम्मी काय बघायचा, पट्ट्या गुंडाळलेलं मढं पाय ओढत येतं, लहान पोरगंही पळून सुटेल, त्यात ड्रॅक्युलाची कॉपी आणि हिरॉइन नुसती किंचाळायला" हे सगळीकडे फिरतंय. मी परवा रात्री पिक्चर परत बघितला आणि राहवलं नाही.

अहो, ते पाय ओढणारं मढं यात नाहीचे! ते खारिस नावाचं मढं, १९४० पासून जी वेगळी सिरीज सुरू झाली त्यातलं. इथे मढं झालेला, म्हणजे इम्होटेप झालेला बोरिस कार्लोफ पट्ट्यांमध्ये दिसतो तो सुरुवातीला थोडा वेळ, आणि चालताना तर दाखवलेलाच नाही. डोळे किंचित किलकिले होतात, मग टेबलावरच्या मढं जिवंत करणाऱ्या मंत्राच्या जुन्या गुंडाळीवर एक हात येतो, उत्खननातला तरुण मदतनीस नॉर्टन किंचाळतो आणि वेड्यासारखा हसतच सुटतो, आपल्याला दिसतं ते फक्त दाराबाहेर सरकत जाणारं पट्टीचं टोक. एवढ्यासाठी जॅक पिअर्सने आठेक तास मेकअप केला होता. मला अजून काटा येतो.

पळून सुटेल म्हणे. पुढे हाच इम्होटेप अर्दथ बे नावाने वावरतो, कोणी अंगाला हात लावलेला त्याला चालत नाही, आणि तो घरी कुंडाच्या पाण्यात बघत बसतो तेव्हा तिकडे लांब ते मढं उकरणारे सर जोसेफ छाती धरून कोसळतात. पळणार कुठे?

ड्रॅक्युलाशी साम्य आहे, मान्य. डेव्हिड मॅनर्स आणि एडवर्ड व्हॅन स्लोन हे नट दोन्हीकडे, सुरुवातीचं स्वान लेकचं संगीतही तेच, आणि दिग्दर्शक कार्ल फ्रॉइंड हा तर ड्रॅक्युलाचाच कॅमेरामन. पण पटकथा लिहिणारा जॉन बाल्डरस्टन पत्रकार होता, तुतनखामेनच्या थडग्याच्या बातम्या त्याने स्वतः दिल्या होत्या, आणि ते जाणवतं. आम्हा इजिप्तच्या लोकांना आमचेच पूर्वज उकरायची परवानगी नाही, ती फक्त परदेशी म्युझियमना, असं अर्दथ बे इंग्रज साहेबांच्या तोंडावर बोलतो. हे ड्रॅक्युलात कुठंय?

आणि हिरॉइन, झिटा योहान. शेवटी तिच्यात आपली जुनी प्रेयसी बघून तिला मारून ममी करायला निघालेल्या इम्होटेपला ती सांगते की मला जगायचंय, आणि स्वतः इसिस देवीचा धावा करते. पुरुष येतात पण त्यांच्याने काही होत नाही. इसिसच्या मूर्तीचा हात उचलला जातो, ती मंत्राची गुंडाळी पेटते आणि इम्होटेपची हाडं उरतात.