लहर आली म्हणजे हात आला?

एक मेसेज बराच फिरतोय: “पक्षाघातानंतर दर महिन्याला मनगटावर करंट देऊन मेंदूतली लहर मोजा. लहर आली म्हणजे हात आला. नाही आली तर व्यायाम सोडा, सहा महिन्यांनंतर काही होत नसतं.”

“लहर आली म्हणजे हात आला.” मुळातली गफलत ही. या तपासणीत मनगटापाशी मीडियन नसेला (म्हणजे हातातल्या एका मज्जातंतूला) विजेचे छोटे झटके देतात, अंगठा जरासा उडतो. साधारण 20 मिलिसेकंदांनी डोक्याच्या विरुद्ध बाजूला एक बारीक लहर उमटते, तिला एन-20 म्हणतात. ती इतकी क्षीण की मेंदूच्या नेहमीच्या गोंगाटातून उपसून काढायला शेकडो झटक्यांची सरासरी घ्यावी लागते. तिच्यावरून एवढंच कळतं, की मनगटाचा निरोप मेंदूपर्यंत पोचला. हात हलवायचा हुकूम वेगळ्या वाटेने खाली येतो आणि ती वाट इथे तपासलीच जात नाही. त्यासाठी डोक्यावर चुंबकीय झटका देऊन हाताचा स्नायू उडतो का ते पाहतात. म्हणून लहर झकास, पण मूठ काही उघडत नाही, असंही होतं.

“नाही आली तर सोडा.” हे बहुधा दुसरीकडून उचललेलं. हृदय बंद पडून बेशुद्ध झालेल्या रुग्णात दोन्ही बाजूंची एन-20 नसणं फार वाईट लक्षण मानतात, आणि ते बरोबरच आहे. पक्षाघातातही लहर नसणं चांगलं नाही, पण तो शेवटचा निकाल नव्हे. आधी कॉलरबोनच्या वर, 9 मिलिसेकंदांच्या आसपास येणारी लहर बघायची. तीच गायब असेल तर दोष हातातल्या नसेत किंवा नीट न चिकटलेल्या इलेक्ट्रोडमध्येही असू शकतो. मधुमेह्यांच्या बाबतीत तर हे आधी तपासावं.

दर महिन्याचं म्हणाल, तर हात गार असला तरी लहर उशिरा येते. अर्ध्या मिलिसेकंदाच्या फरकावरून पेढे वाटू नयेत. तुलना करायची ती त्याच माणसाच्या चांगल्या हाताशी. आणि डोळे मिटून हातातली किल्ली ओळखता येते का, शर्टाचं बटण लागतं का, हे त्या आलेखाशेजारी लिहून ठेवावं. माझ्या मते त्या नोंदीचं वजन जास्त.

राहिले सहा महिने. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, एवढं खरं. पण नंतरही सरावाने हात सुधारलेले रुग्ण आहेत.