म्हणे 13 तास 53 मिनिटं!

दोन शहरांमधलं अंतर सांगणाऱ्या एका वेबसाइटवर लिहिलंय: मुंबई ते न्यूअर्क (अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळ), 12,500 किलोमीटर, विमानानं 13 तास 53 मिनिटं. त्या त्रेपन्न मिनिटांनी माझं डोकं फिरतं. जणू कुणी घड्याळ लावून मोजलंय! मोजलंबिजलं काही नाही, 12,500 ला ताशी 900 नं भागलं आणि दिलं छापून 'प्रवासाचा वेळ' म्हणून. लाज कशी वाटत नाही?

आणि मी त्यावर विसंबले. आई-बाबा पुण्याहून माझ्याकडे अमेरिकेला येणार होते. आईला मधुमेह आहे. तिच्या खाण्याच्या, गोळ्यांच्या वेळा मी त्या आकड्यावर बसवून फोनवरून कागदावर उतरवून घ्यायला लावल्या. दशम्या किती घ्यायच्या, तेही त्याच हिशेबानं.

आता खरा प्रवास ऐका. आई-बाबा कोथरूडहून संध्याकाळी 6 ला गाडीनं निघाले. मुंबई विमानतळावर साडेदहा. विमान रात्री 2 ला. हवेत 16 तास. न्यूअर्कला इमिग्रेशनची रांग आणि बॅगा मिळून दोन तास, पुढे एडिसनला माझ्या घरी. दारात पाऊल टाकलं तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवशीचे रात्रीचे पावणेनऊ वाजले होते. पावणेसत्तावीस तास! बाबांचे पाय इतके सुजले होते की बूट निघेनात.

त्या भागाकारात वारा कुठे आहे? नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला. अमेरिकेला जाताना तो समोरून अंगावर येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून परतीला दीड-दोन तास कमी लागतात. पण हे वेबसाइटवाले दोन्हीकडे एकच आकडा देतात, वर अगदी मिनिटासकट!

आणि त्यांच्या नकाशावरची, दोन शहरं जोडणारी ती देखणी कमान! पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर, मान्य. पण ती रेघ मुंबईहून वायव्येला निघते ती पाकिस्तानवरून. त्यांनी एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. 2019 मध्येही बालाकोटनंतर जवळपास पाच महिने बंदच होतं. मग विमान अरबी समुद्रावरून आखाताकडे वळसा घेतं. रेघ मात्र जिथल्या तिथे.

तिकिटाचीही तीच कथा. निघणार रात्री 2, पोचणार सकाळी साडेआठ, तारीख तीच. दोन्ही स्थानिक वेळा, मधला साडेनऊ तासांचा फरक (हिवाळ्यात साडेदहा) तुमचा तुम्ही धरायचा. आत्यानं खरंच विचारलं, "साडेसहा तासांत पोचतात?" तिची काय चूक? एकूण तास ठळक लिहायला किती शाई लागते?

आईचा तो कागद माझ्याकडे आहे. शेवटची ओळ तिच्या अक्षरात: 'आता उतरणार, जेवण लेकीकडे.' त्या ओळीची वेळ झाली तेव्हा दशम्या संपल्या होत्या आणि न्यूअर्क अजून दोन तास लांब होतं.